नेल्लोचं जाकीट

३० ऑक्टोबर, गुरुवार

स्वयंपाकघरातले नारिंगी पडदे कापून टाकले. परवापासून रानडुकरांची शिकार सुरू होतेय आणि आमची घोडी मोरेत्ता इतकी काळी, की धुक्यात झुडपाआड उभी राहिली तर कुणाचाही गैरसमज व्हावा. पडद्याच्या पट्ट्या तिच्या आयाळीत गुंफल्या. तूफो म्हातारा घोडा, पांढराशुभ्र, त्याला कोण डुक्कर म्हणणार! पण एकीला नटवलं की दुसरा रुसतो. त्याच्याही शेपटीला एक बांधली. आता दोघं कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखी कुरणात उभी आहेत.

बादेस्सा मांजर दिवसभर उघड्या खिडकीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत होती. पडद्यामागे झोपायची ना ती.

काम्पानो कुत्र्याला पट्टी नाही. तो यंदा आवाराबाहेर पडणारच नाही. माझा नवरा नेल्लो मार्चमध्ये वारला, आता त्याला शिकारीला नेणार कोण?

३१ ऑक्टोबर

ओरेस्ते येऊन गेला. शिकाऱ्यांच्या टोळीचा म्होरक्या, नेल्लोचा चाळीस वर्षांचा दोस्त. काम्पानोला मागत होता. म्हणे नाक अजून शाबूत आहे त्याचं. मी नाही म्हटलं. अकरा वर्षांचा कुत्रा, एक डोळा गेलेला — पुरे झालं आता. त्यानं वाद घातला नाही. नेल्लोची जागा यंदा रिकामी ठेवणार म्हणाला. टोळीतला माणूस गेला की एक हंगाम त्याच्या जागेवर कुणी बंदूक घेऊन उभं राहत नाही, रांगेत तेवढी फट पडली तरी चालते.

जाताना दाराजवळच्या खिळ्याकडे बघत थोडा वेळ थांबला. नेल्लोचं शिकारीचं जाकीट अजून तिथेच आहे. मी धुतलेलं नाही. तंबाखू, घोड्याचा घाम आणि ओला कुत्रा. येता-जाता नाक खुपसते मी त्यात. हे फक्त इथेच लिहितेय.

१ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सातला शिकारीचं पहिलं शिंग वाजलं. काम्पानो पळाला. त्याच्या आवाराच्या जाळीच्या दाराची कडी सैल होती.

संध्याकाळ झाली तरी आला नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

सगळ्या मृतांचा दिवस. दफनभूमीत शेवंती घेऊन गेले. नेल्लोला सांगितलं कुत्रा गेला म्हणून. सगळं नाही सांगितलं.

फाटकापाशी ओरेस्ते भेटला. काल काय झालं ते त्यानं सांगितलं. डुक्कर झाडीतून निघालं ते थेट नेल्लोच्या रिकाम्या जागेवर आलं आणि कुणी दार उघडून धरल्यासारखं आरामात रांगेपलीकडे गेलं. त्याच्यामागून गळ्यातली घंटा वाजवत आमचा म्हातारा काम्पानो. दोघं धुक्यात शिरली. टोळीतल्या सगळ्यांनी टोप्या काढल्या म्हणे. “नेल्लोनंच जाऊ दिलं त्याला,” ओरेस्ते म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

मग म्हणाला, “जाकीट ठेव. कुत्रा हरवला की जिथून सोडला तिथे, ज्यानं सोडला त्याचं जाकीट ठेवायचं. रात्री फिरून येतो, वास घेतो, त्यावर झोपतो. माझे तीन आलेत असे.” मग विचारलं, “कुठून सुटला तुझा?”

म्हटलं, पळाला. कडी सैल होती.

“मग नेल्लो सोडायचा तिथेच ठेव. मोठ्या ओकच्या झाडाखाली. त्याला तीच जागा ठाऊक.”

शेजारची इओलांदा मागून ऐकत होती. “एक तोंड कमी झालं गं तुझं,” म्हणाली. तिच्या मायेला नेहमी काटे असतात. पण घरी येऊन भांडं भरून डाळीचं सार ठेवून गेली. तिला काय म्हणायचं!

३ नोव्हेंबर

जाकीट खिळ्यावरच आहे. पावसात टाकलं तर वास जाईल. मग काय उरलं?

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज शिकार बंद, रान गप्प. दिवसभर धुकं. कुरणातून मोरेत्ताची फक्त नारिंगी आयाळ तरंगत गेली, खाली घोडी नाहीच. दोनदा घंटा ऐकली. धावत गेले तर पहिल्यांदा मेंढपाळ पाओलीची मेंढरं. दुसऱ्यांदा काहीच नव्हतं.

५ नोव्हेंबर

शिंग. बंदुका. दुपारी फाटकाला वर्तमानपत्रात गुंडाळलेला डुकराचा खांदा टांगलेला. नेल्लोचा वाटा, रिकाम्या जागेचाही वाटा असतो. मी शिजवला नाही. बादेस्सानं मात्र सुतक पाळलं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

नेलं शेवटी.

मोरेत्तावर खोगीर चढवलं, जाकीट पुढ्यात घेतलं आणि निघाले. सात महिन्यांत कुणी तिच्यावर बसलं नव्हतं. लगाम सैल सोडला. मला त्या पायवाटा कुठे ठाऊक, मी कधी शिकारीला गेलेच नाही. चाळीस वर्षं नाक मुरडत राहिले. पण घोडीला सगळं पाठ. ओढ्याच्या उताराला ती वळली, दगडी भिंतीच्या खिंडारातून आत शिरली. पडलेल्या पानांवरून तिच्या टापांचा आवाज येत नव्हता. मध्येच मला वाटलं, आम्ही दोघी झोपेतच चाललो आहोत आणि समोरून नेल्लो येईल, म्हणेल, अगं, तू इकडे कशी?

ओकखाली मोरेत्ता आपोआप थांबली आणि डावी कूस झुकवून उभी राहिली. तो तसाच उतरायचा, गुडघ्यामुळे. मी तिच्या मानेत तोंड घालून खूप रडले. ती पाला खात होती.

जाकीट मुळांच्या खोबणीत ठेवलं. एकदा उचललं. परत ठेवलं.

७ नोव्हेंबर

गेले. जाकीट ओलं. त्यावर कुणी झोपलेलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

आजचा डुकरं उठवायचा हाका अगदी जवळ होता. बंदुकीच्या प्रत्येक बाराला तूफो मोरेत्ताच्या मागे लपायचा. एवढा मोठा घोडा, आणि लपायला बायको लागते! मी दोघांच्या मध्ये उभी राहिले, एक हात इकडे, एक तिकडे.

संध्याकाळी ओरेस्ते आला. नदीच्या वळणावर कुणाला तरी दिसला होता काम्पानो. हाक मारली तर थबकला, बघितलं, आणि झाडीत गेला. लंगडतोय. आणि लांडग्यांचे ताजे ठसे आहेत त्या बाजूला. ओरेस्ते म्हणाला, दोन दिवस तग धरेल, फार तर तीन.

मग कॉफी होईपर्यंत तो अंगणात गेला. खिडकीतून दिसत होता. काम्पानोच्या जाळीच्या दारापाशी उभा राहून त्यानं कडी वर केली, खाली पाडली. परत वर केली, खाली पाडली. चोराच्या मनात चांदणं! मी कपात साखर घालत राहिले, किती घातली देव जाणे.

आत येऊन कॉफी संपवली त्यानं. तसली गोड कॉफी, शेवटच्या घोटापर्यंत. टोपी घालताना म्हणाला, “ही कडी मी आणि नेल्लोनं मागच्या उन्हाळ्यात बसवली, एर्सिलिया. ती सैल होत नाही.”

“मी सोडला त्याला,” म्हटलं.

“हं.” दारातून मागे वळला. “मग जाकीट चुकलं तुझं.”

१० नोव्हेंबर

निदान वहीशी तरी खोटं बोलू नये. चार पानांपूर्वीच लिहिलं असतं तर?

त्या सकाळी शिंग वाजलं तसा काम्पानो उठला आणि दाराकडे नाही, घराकडे बघायला लागला. वर, आमच्या खोलीच्या खिडकीकडे. नेल्लो बूट घालून येईल म्हणून. तो रोजच बघायचा. मार्चपासून रोज. दुपारी फाटकापाशी, संध्याकाळी पायरीवर. मी ताटली ठेवायची, तो खायचा आणि परत तिकडे तोंड करून बसायचा. आणि तो वाट बघतोय म्हटल्यावर मलाही बघावी लागायची. मी कंटाळले. फार कंटाळले. कडी उचलली आणि म्हटलं, जा, जा शोध त्याला! तो गेला पण माझ्याकडे दोनदा वळून बघत गेला. दुसऱ्यांदा मी हात उगारला.

तो परत येऊ नये असं मला वाटलं. अर्धा तास. मग वाटेनासं झालं. पण तो अर्धा तास खरा होता.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सान मार्तीनोचा दिवस. ऊन पडलं, उन्हाळा आठवावा असं. इओलांदा नवी वाइन आणि भाजलेली चेस्टनट घेऊन आली. पाद्रीबुवांनी सकाळी त्या संताची गोष्ट सांगितली म्हणाली, भिकाऱ्याला अर्धा झगा फाडून देणाऱ्याची. “अर्धा तर अर्धा,” म्हणते, “माझा नवरा मोजासुद्धा देणार नाही.” मी कितीतरी दिवसांनी हसले.

ती गेल्यावर मी त्या सकाळी अंगात होतं ते करडं स्वेटर शोधलं. कोपरावर उसवलेलं, लसणाचा आणि चुलीच्या धुराचा वास. मला वाटायचं, मला काही वासच नाही. जाळीच्या दारात ठेवलं, कडी उघडी ठेवून. मोरेत्ता कुंपणावरून मान लांबवून हुंगायला आली. तिला म्हटलं, तुझं नाही.

नेल्लोचं जाकीट ओकखालीच आहे. आणायला गेले नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी घंटा ऐकू आली नाही. तिच्यात चिखल भरला होता.

पंजा सुजलाय, कान फाटलाय, हाडं दिसताहेत. स्वेटरवर गोल होऊन झोपलाय, बाहीत नाक खुपसून. मी शेजारी जमिनीवर बसून लिहितेय. सातला ओढ्यापलीकडे शिंग वाजलं. त्यानं कान उचलला, एकच डोळा उघडला. खिडकीकडे नाही, माझ्याकडे बघितलं, आणि परत झोपला.