नाना ताटावरून उठले

धुळे, मे १९४०

प्रिय अभिमन,

आखाजीच्या सणाला माहेरी रावेरला जाऊन आले. तुझ्या मेहरूणहून रावेर किती लांब आहे ते मला ठाऊक आहे. पण तू आठ वर्षं का येत नाहीस तेही ठाऊक आहे, म्हणून रागवत नाही. यंदा तू हवा होतास. नानाकाका भरल्या ताटावरून उठले. मीच त्यांना उठवलं.

तू नऊ वर्षांचा होतास. केळीच्या बुंध्याशी फुटलेल्या पिलांतलं एकच राखायचं असतं, तलवारीसारख्या अरुंद पानांचं. नानांनी तुला न दाखवताच विळा हातात दिला. तुला रुंद पानांची पिलं तजेलदार दिसली, तू तीच राखलीस आणि अख्खी ओळ उलटी कापलीस. नानांनी तुला मोटेच्या नाड्यानं, त्या जाड दोरानं, बडवलं. तुझ्या डाव्या कानातून रक्त आलं, आणि नंतर त्या कानाला काही ऐकू आलं नाही.

आईनं कान पुसला, मग तुला त्याच ओळीत नेऊन शेजारी बसली आणि विचारलं, हीच का राखली रे? आईची रीत तीच. तिनं आपल्याला कधी बोट लावलं नाही. शेजारी बसायची, विचारायची आणि आपल्या तोंडून खरं येईपर्यंत थांबायची. मला ते माराहून जड जायचं. तू रडत सांगितलंस, बारीक पानांची रोडकी वाटली. आईनं मान डोलावली आणि दोन्हींतला फरक दाखवला. पण तिनं नानांनाही समजून घेतलं. त्यांच्या बापानं त्यांना तसंच मारलं होतं म्हणे. तिथं माझं तिच्याशी बिनसलं. थोरल्या दिरापुढे विधवा किती बोलणार, हे आज कळतं. तरी बिनसलं ते बिनसलंच.

आता नानांची नात कुंदा आईपाशी वाढते आहे, तिला मोठी आई म्हणते आणि नानांना आबा. सहा वर्षांची आहे, आई नसलेली. नाना तिला मांडीवर घेऊन शेव भरवतात, तिनं मिशी ओढली तरी हसतात. ते हसू मला बघवेना. मला म्हणाले, "कावं कमल, सासरी उपाशी ठेवतात का तुले?" मीही हसले. दुसऱ्या दिवशी झोक्यावर कुंदाला मी सगळं सांगितलं, नाडा, कान, रक्त. आणि म्हणाले, मनात आलं ते विचारावं असं मोठी आई सांगते ना? मग सगळे जेवायला बसले की आबांना विचार.

आखाजीला गेलेल्या वडिलांच्या नावानं घागर भरली, पुरुषांची पंगत बसली. मी आमरस वाढत होते. कुंदा नानांच्या शेजारून म्हणाली, "आबा, अभिमनकाकाले तुम्ही कायले मारलं होतं?"

नाना म्हणाले, त्यानं पिलं चुकीची कापली होती.

"मग तुम्ही दाखवून दिलं नव्हतं का?"

पंगतीत कुणी घास उचलला नाही. नाना उठले, हात धुऊन बाहेर गेले. एकवीस वर्षं मी त्या क्षणाची वाट पाहत होते. बायकांच्या पंगतीत मी पोटभर जेवले. दुपारी नानांनी कुंदाला हाक मारली, डोक्यावरून हात फिरवायला गेले, तर तिनं दोन्ही हातांनी कान झाकले. खोटं कशाला लिहू, मला तेही गोड लागलं.

संध्याकाळी आई माझ्या शेजारी येऊन बसली. बत्तीस वर्षांची मी, दोन लेकरांची आई. तरी पुन्हा अकरा वर्षांची झाले. तिनं विचारलं, "नानाले दुखावलं, ते कळलं मले. पोरीले कायले भ्यायला लावलं?" ती थांबून राहिली. मग म्हणाली, "ज्याच्या नावानं केलं, त्याले तरी विचारलं होतं का?"

नाही विचारलं. नानांना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. त्यांच्या पाया पडायला मला कुणी सांगू नये. पण निघायच्या सकाळी कुंदाची वेणी घालायला मी हात पुढे केला, तर माझ्यापुढेही तिनं कान झाकले. मी किती समजावलं, हात काढीना. मार खाऊनही तू आजवर कुणावर हात उगारला नाहीस. तू जवळ बसलास तर ती कदाचित काढेल. नानांसाठी नको, माझ्यासाठीही नको. तिच्यासाठी एकदा रावेरला ये.

तुझा सूड तुला न विचारता घेणारी,
तुझीच
कमलअक्का