अपडेट करू नये

मंगळवार, ८ जुलै
सकाळपासून फोन. कॉम्प्युटरच्या मूळ सिस्टिमलाच भोक आहे, बातम्यांत आलंय. काही उघडायला नको, कुठं दाबायला नको. मशीन नेटला जोडलेलं असलं की बाहेरचा माणूस थेट आत. उपाय काय, तर ताबडतोब अपडेट करा. कंपनीचं पत्रक वाचलं. 'वापरकर्त्यांनी सतर्क राहावे.' भोक यांनी ठेवायचं आणि सतर्क आम्ही राहायचं. वा रे वा.

जेवताना आठवलं. बारामती ते इंदापूर माझ्या गिऱ्हाइकांच्या चौदा मशीनवर अपडेट बंद आहे. कुणी केलं? मी.

बुधवार, ९ जुलै
लिहून ठेवते, म्हणजे उद्या सबबी सुचायच्या नाहीत. पाच वर्षांपूर्वी एक अपडेट आलं आणि मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर सगळीकडं एकदम बंद पडलं. छापखाना, डेअरी, दस्तलेखक, सगळे हातावर हात ठेवून बसले. मी स्कूटीवर गावोगाव फिरले, जुनी सिस्टिम परत टाकली, अपडेट कायमचं बंद केलं आणि प्रत्येक मॉनिटरला माझ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली: 'अपडेट करू नये. – नसीम.' लोकांनी चहा पाजला. मीही मिरवून घेतलं.

टायपिंगवाल्या कंपनीला फोन. तुमचं सॉफ्टवेअर नव्या सिस्टिमवर चालेल का? पलीकडचा म्हणतो, ते बंद झालं मॅडम, आता कोण वापरतं? अख्खा तालुका वापरतो, म्हटलं. होल्डवर ठेवलं ते ठेवलंच.

गुरुवार, १० जुलै
कऱ्हाटीची डेअरी, मग भवानीनगरचा छापखाना. चिठ्ठ्या फाडल्या, अपडेट केलं. छापखान्याच्या बाईंनी विचारलं, म्हणजे इतकी वर्षं आम्ही उघड्यावरच होतो का? हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार. नवं टायपिंग शिकून घेते म्हणाल्या. तरुण आहेत, घेतील.

बाकीचेही होतील. प्रश्न तात्यांचा.

शनिवार, १२ जुलै
इंदापूर. तात्या दस्तलेखक, सत्तरी ओलांडलेले. मराठी टायपिंग अब्बांच्या क्लासात शिकले. अब्बा गेले, क्लासच्या जागी माझं दुकान आलं, पण अब्बांनी लावलेलं वळण तात्यांच्या बोटांत तसंच आहे. खाली न बघता चालतात. त्या मशीनमध्ये खरेदीखतं, वाटणीपत्रं आणि मृत्युपत्रं. कुणी कुठल्या मुलाला वगळलंय ते तात्यांना ठाऊक आणि त्या मशीनला. आणि नेट तोडायची सोय नाही, दस्ताची नोंद ऑनलाइन करावी लागते.

माझ्या चिठ्ठीला लॅमिनेशन करून घेतलंय! वर दसऱ्याचं हळदकुंकू.

तासभर समजावलं. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू तवा खोटी व्हतीस का आता खोटी हायस, एवढंच सांग."

तेव्हाही खरं सांगत होते, आताही खरंच सांगतेय, पण हे मला धड मांडता येईना. चिडून निघाले. एसटीत भवानीनगरपर्यंत स्वतःशीच बडबडत होते. शेजारची बाई जरा सरकून बसली.

मंगळवार, १५ जुलै
पुन्हा इंदापूर. तात्या एका आजीबाईंना घेऊन निबंधक कार्यालयात निघाले होते. बस पोरी, आलोच, म्हणाले.

मी नुसती बसले नाही. अपडेट सुरू केलं. न विचारता.

ते परतले तेव्हा टायपिंग उघडेना. ओरडले असते तर बरं झालं असतं. आजीबाईंना म्हणाले, उद्या या. मी नवं सॉफ्टवेअर टाकलं, कळांची ठेवण जवळजवळ तीच आहे म्हटलं. तात्यांनी बोटं ठेवली. पहिल्याच ओळीत जोडाक्षरं भलतीच उमटली. मग खाली वाकून एकेक अक्षर शोधायला लागले. तात्यांना कीबोर्डकडे बघताना मी पहिल्यांदा पाहिलं. मान वर करवेना मला.

परत जुनं टाकून देते, म्हटलं. "आन भोक?" म्हणाले. म्हणजे शनिवारचं सगळं समजलं होतं त्यांना. मग एवढंच म्हणाले, "इचारायचं तरी व्हतंस."

बुधवार, १६ जुलै
संताप संताप होतोय. भोक ठेवणारे पत्रक काढून मोकळे. सॉफ्टवेअर बंद करणारे होल्डवर. सत्तरीतल्या माणसाच्या बोटांचं काय करायचं, ते कुणाच्याच पत्रकात नाही.

आणि मी? परकं कुणी आत शिरू नये म्हणून तात्यांच्या माघारी मीच शिरले. हा राग कुणावर काढायचा?

शनिवार, १९ जुलै
दुकान उघडलं आणि दुपारी तात्या दारात. एसटीनं, एकटे. अब्बांच्या वेळच्या बाकावर बसले. चार दिवसांत तीन पानं झाली म्हणाले, बघून बघून. जुनी मृत्युपत्रं अजून नीट उघडत नाहीत, नुसती चित्रविचित्र अक्षरं येतात. ते काम माझ्याकडं.

मग पिशवीतून माझी लॅमिनेशनवाली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली आणि शेजारी दस्ताचा हिरवा कागद, कोरा.

"ही रद्द झाली. आता नवी लिहून दे. अपडेट कवा करायचं, आन पुन्ना असं व्हणार न्हाय म्हणून. तारीख टाक, सही कर. आमच्या धंद्यात तोंडी चालत न्हाय."

'अपडेट करावे' लिहिलं. तारीख टाकली. पुढचं कुणाच्या जिवावर लिहू? भोक माझं नाही, त्यावरचं ठिगळ माझं नाही. सही मात्र माझी हवी. कारण त्या कंपनीला तात्या ओळखत नाहीत, मला ओळखतात.

चहा सांगितलाय. तात्या समोर बसलेत, माझ्या पेनाकडं बघत. पाचची गाडी आहे त्यांची. आपण दस्ताचाच मजकूर जुळवतोय असं दाखवत मी ही वही भरतेय.