साफ केलेले तारे

बाबा, तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, पण माझा राग काही गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही.

वाशीतला तुमचा फोटो स्टुडिओ आठवतो. लग्नाचे फोटो वाळले की तुम्ही दाराशी उजेडात बसायचात आणि बारीक ब्रशने त्यांवरचे पांढरे ठिपके बुजवायचात. निगेटिव्हवर धूळ बसली की फोटोत असा ठिपका उमटतो. देवीचे व्रण तुमच्या-माझ्या, दोघांच्याही तोंडावर. स्वतःच्या फोटोत तुम्ही ते कधी ठेवले नाहीत. मुलाकडच्यांना पाठवायच्या फोटोत माझेही गाल गुळगुळीत केलेत. पाहुणे आले, मला बघून अर्धा चहा टाकून उठले. तुम्ही उलट मलाच म्हणालात, "पदर पुढं घेवाला काय झालता तुला?"

ते मी गिळलं. पण मुलाखतीचं नाही. एमएस्सीनंतर संशोधनाची एकच जागा होती आणि मला ती हवी होती. आपल्या आकाशगंगेसारख्या दोन दीर्घिका जवळून गेल्या की ओढाताणीत त्यांच्यातला वायू आणि तारे लांब शेपटीसारखे बाहेर खेचले जातात. त्या फेकल्या गेलेल्या वायूतही नवे तारे जन्मतात, हे मला दाखवायचं होतं. कॉलेजातल्या सरांनी दिलेल्या, अशाच एका जोडीच्या निगेटिव्हवरून तुम्ही मोठा फोटो काढलात आणि सकाळी गुंडाळी हातात ठेवलीत. मी ती थेट समितीपुढेच उलगडली. शेपटी होती, धुरकट आणि स्वच्छ. तिच्यात ठिपका एकही नाही.

"कुठे आहेत तुमचे नवे तारे?" एकाने विचारलं आणि सगळे हसले. जागा गेली.

घरी आले तेव्हा तुम्ही जेवत होतात. "मोठं तारं ठेवलं ना सगलं. धुरात कवा तारं असतान? घान व्हती, साफ केली." वर आणखी भाकरी मागितलीत. मी ती वाढली, याचा आजही संताप येतो.

पुढे जन्मभर कॉलेजात शिकवलं. दरवर्षी ती शेपटी फळ्यावर काढली, ठिपक्यांसकट.

तुम्ही गेल्यावर हार घालायला तुमच्या एका जुन्या निगेटिव्हवरून फोटो मोठा करून घेतला. स्टुडिओवाल्याने विचारलं, "चेहरा साफ करू ना?" मी म्हटलं, एकाही व्रणाला हात लावायचा नाही. सूड म्हणूनच म्हटलं.

हे पत्र टाकणार कुठे? त्याच फोटोमागे खोचून ठेवते. तुमचे बाकीचे फोटो मी कधीच फेकून दिले. हा एक फेकवत नाही. यात तुम्ही माझे वडील दिसता.