लांब दगड

११ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा दुखतो, तोंड मात्र शाबूत आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही. चिमीला आजोळची शाळा आवडली का? तिचा दात पडला म्हणे. कुठला, ते कळव. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

गेल्या बुधवारी तुझ्या थोरल्या भावाला पोलिसांनी दोन तास बाकावर बसवून ठेवलं, हे तुझ्या कानावर आलंच असेल. खरं आहे. सरकारी योजनेतलं तुझं नवं घर, तेवीस नंबर, त्याच्या मागच्या भिंतीला मी पहारीनं भगदाड पाडलं. भर दुपारी, चारचौघांत. डोकं फिरलेलं नाही माझं. नीट ऐक.

भूकंपानंतर माती उपसायचं यंत्र तिसऱ्या दिवशी आलं, कॅमेरेवाले त्याच्या आधी. तोवर गावानं हातांनी उपसलं, लोकांची नखं गेली. शिंपीणबाईनं दीडशे माणसांना रांधून घातलं. तेव्हा एक साहेब फिरकला नाही. आता चाव्या वाटायच्या म्हटल्यावर मांडव काय, खुर्च्या काय, हार काय! वीस तारखेच्या गुरुवारी मंत्री येणार, म्हणून ओल्या प्लास्टरवरच रंग फासतायत. तपासणीचा साहेब गाडीतून उतरला, भिंतीवर टिचकी मारली, 'छान' म्हणाला आणि चहाला गेला. अरे, प्लास्टरखाली काय दडलंय ते टिचकीला कळतं होय?

चाळीस वर्षं गवंडीकाम करतोय मी. दगडी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती, मधे भराव. दोघींना धरून ठेवायला जागोजागी आरपार जाणारा लांब दगड घालावा लागतो. नाही घातला, तर जमीन हलली की भिंतीचं पोट फुटतं. तेवीस नंबरच्या आवारात मला एकही लांब दगड दिसला नाही. ठेकेदाराच्या गवंड्याला विचारलं, तर म्हणतो, "काका, वेळ कुठंय? वीस तारखेला उद्घाटन."

ते ऐकलं आणि मी पहार उचलली. आत नुसती माती नि कपच्या. माझा हात कोपरापर्यंत गेला.

संध्याकाळच्या आत भोक बुजवून वर रंगसुद्धा मारला. काय ती तत्परता! मग मदत समितीचे अध्यक्ष, आपले हेडमास्तर, मला समजवायला आले. "धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत." मी म्हटलं, "मास्तर, बिनदाताची गाय झोपेत पोरांच्या अंगावर कोसळत नाही." ते चहा न घेताच उठले. गावही तापलंय माझ्यावर. माझ्यापायी सगळ्यांच्या चाव्या अडकतील म्हणतात. पत्र्याच्या शेडमध्ये दुसरा उन्हाळा कुणाला काढायचाय? त्यांचंही चुकत नाही.

वीस तारखेला तू चावी घ्यायला आलास की तिच्याबरोबर तुझ्यापुढे एक कागद ठेवतील, घराबद्दल तक्रार नाही म्हणून. सही करू नकोस.

इथंच पत्र संपवून मी पाकीट चिकटवलं होतं. तुझ्या वहिनीनं ते फोडलं. म्हणाली, "सगळं लिहा, नाहीतर पाठवू नका."

"वेळ कुठंय" हे माझेच शब्द आहेत, बारक्या. तुझं जुनं घर मी बांधलं तेव्हाचे. तुझ्या लग्नाला नऊ दिवस उरले होते. लांब दगड उचलायला दोन माणसं लागतात. तू खरेदीत, मी एकटा. म्हटलं, आपल्याच घरात कोण बघतंय? घडवून ठेवलेले चौदा दगड तसेच राहिले. त्यांचा मी माझ्या परसात ओटा केला. तुझी बायको, आमची धाकटी, त्यावर शेंगा सोलत बसायची. "दादा, बसायला काय छान जागा केलीत," म्हणायची. भूकंपात त्या ओट्याला तडासुद्धा गेला नाही. ती मात्र तुझ्या मागच्या भिंतीखाली सापडली.

आणि तू? बायकोला माती देऊन आलास नि लोकांना सांगत राहिलास, "दादानं बांधलेलं घर, म्हणून मी नि चिमी तरी वाचलो." मी तिथंच उभा होतो. मान खाली घातली. दीड वर्ष झालं, तोंड उघडलं नाही. ठेकेदाराला शिव्या घालतो ना, त्यातल्या निम्म्या मलाच असतात.

माफ कर असं लिहीत नाही, तेवढं तोंड नाही मला. पण चिमीला त्या भिंतीपाशी निजवू नकोस.

मी ओटा मोडलाय. चौदाही दगड पहारीनं लोटत लोटत तेवीस नंबरच्या दारात आणलेत. चार दिवस लागले. दगडांमुळे मंत्र्यांची गाडी आता तिथं वळणार नाही म्हणतात. हटवायला मजूर आले की मी वर जाऊन बसतो. भिंतीत मात्र हे दगड एकट्यानं चढत नाहीत, पलीकडून धरायला माणूस लागतो. यावंसं वाटलं तर ये. नाही आलास, माझं तोंडही बघू नये असं वाटलं, तरी चावी घेऊ नकोस.

तेवीस नंबरच्या दारात दगडांवर बसलेला,
तुझा दादा