हातीर की होतार

आदरणीय पानाइतमामांस,

तुमच्या हातांचे मुके. गुडघे कसे आहेत? इकडे आता सारे खुशाल आहोत, परवापर्यंत नव्हतो.

शेजारच्या लुक्रेत्सियाकाकूंच्या आणि आमच्या कुंपणात एक अक्रोड आहे. त्याच्या सावलीनं माझ्या टोमॅटोंचं वाटोळं झालं, तेव्हा नवऱ्यानं कुऱ्हाड काढली. पण झाड काकूंनी स्वतःच्या लग्नाच्या साली लावलेलं. म्हणून मी त्याला आवरलं आणि मोठ्या मनानं कुंपणावरून ओरडले, "काकू, केवळ तुमच्या हातीरसाठी ठेवतेय हो झाड!" हातीर म्हणजे मर्जी, खातर, आपल्या तुलचा गावाकडे हा शब्द शेंबडी पोरंही बोलतात. पण काकूंना ऐकू येतं कमी, त्यातून त्यांची आई हंगेरियन. त्यांनी ऐकलं हंगेरियनांकडून आलेलं 'होतार', म्हणजे हद्द!

"माझी हद्द तू ठरवणार? तू कोण गं टिकोजीराव?" झालं! दुसऱ्याच दिवशी मोजणीदार माझ्या कोबीत खुंट्या ठोकत होता. तीन आठवडे अबोला. (नवरा एवढंच म्हणे, "मी तर तोडतच होतो.") मामा, मी या गावात लग्न होऊन आले तेव्हा मला इथली चूल पेटवायला याच बाईनं शिकवलं. तिनं तोंड फिरवलं की घर खायला उठायचं.

अखेर रविवारी चर्चबाहेर शाळेच्या बाईंनी आम्हा दोघींना बाकावर बसवून जाडजूड कोश उघडला. 'हातीर' शब्द तुर्कांचा निघाला. त्यांनीही तो अरबांकडून उचललेला. "आता म्हणा बघू. 'ई' म्हणायला जायचं आणि जीभ मागे ओढायची." मी म्हटलं, काकूंनी म्हटलं, येणारे-जाणारे म्हणू लागले, पाद्रीबाबांनाही राहवेना. शेवटी काकू म्हणाल्या, "अगं, मग सरळ 'प्रेमापोटी' म्हणायचं ना! तुर्कांना कशाला मध्ये घातलंस?" आणि रडल्या. मीही. छातीवरचा धोंडा उतरला, मामा! संध्याकाळी त्यांच्याकडून आलुबुखाऱ्याचा मुरांबा आला, तोही बरणीभर.

तुमची भाची,
झाम्फिरा

ता. क. पुढच्या आठवड्यात काकूंना घेऊन तुमच्याकडे येतेय. त्यांना तो शब्द अस्सल तोंडून ऐकायचाय. कवळी बसवून ठेवा.

आणखी एक. मोजणीचा कागद काल माझ्याच हाती पडला. अक्रोड सबंध काकूंच्या जागेत आहे. वर माझ्या कोबीच्या दोन ओळीही. मी अजून तोंड उघडलेलं नाही. तुमच्याकडचे मासे खाऊन त्या खूश झाल्या, की तेवढं तुम्हीच सांगाल ना?