तापवलेला तुकडा

३ नोव्हेंबर

वाकला! तुटला नाही! दोन वर्षं किरणोत्साराचा मारा खाऊन आलेला, काडीएवढा पोलादाचा तुकडा. जाड काचेपलीकडे हातोडा बसला आणि तो नुसता वाकून राहिला. संलयन अणुभट्टीच्या भिंतीसाठी सरांनी उभी हयात घालवून बनवलेलं पोलाद आहे हे. ते मंजूर करणारी समिती लवकरच बसणार आहे. लगेच सरांना फोन लावला. निवृत्त झाल्यापासून इतके मोकळे हसले नव्हते. "समितीच्या बैठकीला मी स्वतः येणार!"

५ नोव्हेंबर

उतावळेपणा नडला. आज तुकडा नीट पाहिला – वर निळसर झाक. असा रंग ओव्हनमध्येच चढतो. तात्यांना विचारलं. काचेपलीकडचे यांत्रिक हात चालवणारे आमचे सगळ्यात जुने माणूस, सरांच्या वेळेपासूनचे. "तापवला होता, बाई," म्हणाले. पुढे चकार शब्द नाही.

किरणांच्या माऱ्याने पोलादाची आतली मांडणी विस्कटते, ते ठिसूळ होतं. खूप तापवलं की बरंचसं सावरतं. म्हणजे औषध देऊन मग आजाऱ्याचा ताप मोजल्यासारखं झालं! चाचणी मातीमोल.

सगळ्यांदेखत तात्यांना नाही नाही ते बोलले. "तुमच्याच्याने होत नसेल तर उद्यापासून स्टोअरमध्ये बसा!" ते चष्मा पुसत उठले आणि गेले. वडिलांच्या वयाचा माणूस. घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

७ नोव्हेंबर

उरलेला एकच तुकडा. न तापवता ठेवला. हातोडा बसला – खाडकन दोन तुकडे! तुटलेली कड सपाट, चकचकीत. जरासुद्धा ताणला गेला नाही. हे पोलाद भिंतीला चालायचं नाही. सरांचं पोलाद!

यांत्रिक हात मीच चालवले. दोनदा तुकडा निसटला. तात्या असते तर... जाऊ दे. मीच घालवलं त्यांना. माझ्या जिभेला हाड नाही हेच खरं.

८ नोव्हेंबर

सरांचा फोन. बैठकीसाठी कोट इस्त्रीला दिलाय म्हणाले. मी नुसती हो हो करत राहिले. नवरा वैतागला – "लोकांकडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळू दे की!" पटतं. पण त्या घरी जायला पाय उचलत नाही. तो पहिला फोन केलाच नसता तर!

९ नोव्हेंबर

सरांकडे जाऊन आले. सगळं सांगून टाकलं. पोलादाबद्दल एक प्रश्न विचारला नाही त्यांनी. एवढंच – "तात्यांना काही बोललीस का?"

बोलले ते सांगितलं. सर म्हणाले –

"परत बोलाव त्यांना. ओव्हनमध्ये ठेवायला मीच सांगितलं होतं."