हात पुरत नाही ती जागा

२ एप्रिल
सत्यशीला आज पुण्याला गेली. लेकीचं, प्रियांकाचं, बाळंतपण. आता गंगाखेडच्या या घरात मी एकटा. मस्त! रिटायर झाल्यापासून असा निवांतपणा मिळालाच नव्हता. स्टेशनवर म्हणे, "अंघोळ झाल्यावर अंग नीट पुसत जावा. वला बनियन घालू नका." जन्मभर झरीच्या शाळेत पीटी आणि आरोग्य शिकवलं मी. आणि ही मला शिकवायलीय.

९ एप्रिल
कमरेला खाज. ऊन लय, घामोळ्या असणार. पावडर मारली.
संकल्प: दोन वेळा अंघोळ. रोज धुतलेला टॉवेल.

११ एप्रिल
टॉवेल धुतला नाही. एकट्या माणसाचा टॉवेल मळून मळून किती मळणार?

१५ एप्रिल
घामोळ्या गोल गोल दिसायल्या. कडेला लाल, मधे साफ. एक मानेवरही आली. कुसुमबाई डबा द्यायला आल्या, त्यांना दिसली. म्हणाल्या, "सर, नायटा हाय ह्यो. डाक्टरला दावा." डबा उंबऱ्यावरच ठेवून गेल्या. घाईत असतील.
डॉक्टर कशाला? मेडिकलवर गेलो, म्हणालो सगळ्यात स्ट्राँग ट्यूब द्या.

२० एप्रिल
खाज गायब! ट्यूब बंद. नातू झाला! फोनवर सत्यशीलाचा आवाज थकलेला होता, पण खूश होती. माझी तब्येत विचारली. फर्स्ट क्लास म्हणालो. बारसं ४ मेला.

२४ एप्रिल
परत आलं. दुप्पट. आता पाठीवर. हात खालून घातला तर पुरत नाही, खांद्यावरून घातला तरी पुरत नाही. मधली तळहाताएवढी जागा राहते, आणि नेमकी तीच खाजते. उलथन्याला मलम लावून पाहिलं. निम्मं भिंतीला लागलं. मग डोकं चालवलं. दाराच्या चौकटीलाच मलम फासलं आणि पाठ घासली. आयडिया नंबर एक. फक्त चौकटीत खिळा होता.

२५ एप्रिल
संध्याकाळी शेजारचा मुंजाजी ओट्यावर गप्पांना आला. रोज माझ्या बाजूला टेकतो, आज खुर्ची ओढून लांब बसला. तिकडं वारं लागत असेल.

२८ एप्रिल
खिळ्याच्या जखमेत पू झाला. रेल्वेनं परभणी गाठलं. स्किनच्या डॉक्टर राजनंदिनी मॅडम, आमच्या प्रियांकाएवढ्याच. ट्यूब बघून कपाळाला हात लावला. म्हणाल्या, यात स्टेरॉईड आहे, वरून खाज दबते, आतून बुरशी वाढते. आता जखमेवर वेगळं औषध, नायट्याला वेगळं मलम आणि गोळ्या. सैल सुती कपडे, अंग कोरडं, टॉवेल वेगळा, कपडे कडक उन्हात वाळवायचे. डाग गेले तरी मनानं औषध बंद करायचं नाही. मी मान हलवत होतो. हे सगळं मी नववीला शिकवलेलं आहे.
मग विचारलं, पाठीला मलम लावून द्यायला घरात कोण आहे? मी म्हणालो, आहेत की, भरलेलं घर आहे.
खोटं नाही बोललो. सामान पुष्कळ आहे.

३० एप्रिल
मुंजाजीला सांगायचं ठरवलं. लावून दे रे बाबा, एवढंच म्हणायचं. हात धुवायला साबणही काढून ठेवला. तो आला. ट्यूब माझ्या खिशात. आम्ही उसावर बोललो, आयपीएलवर बोललो, नळाला पाणी कधी येणार यावर बोललो. तो उठला. उद्या नक्की.

१ मे
मुंजाजी सोनपेठला गेला म्हणे, पाहुण्यांकडे. मला सांगायचं राहून गेलं असेल.

२ मे
उद्याच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं. नवा शर्ट इस्त्री केला. बाळाला चांदीचे वाळे घेतले. पुण्यात सत्यशीला आहेच, पाठीचा प्रश्न आपोआप सुटतो.

रात्री तिचा फोन. मी सहज बोलून गेलो, नायटा झालाय. ती म्हणाली, "चिकटतो ना तो? मग येऊ नका. बारकं लेकरू हाय घरात. बरे होऊन या."
बरोबरच आहे तिचं. मी स्वतःच तेच म्हणणार होतो. तिकीट कॅन्सल.

४ मे
बारसं. व्हिडिओ कॉलवर हजर होतो, नवा शर्ट घालून. जावयानं फोन पाळण्याजवळ धरला. बायकांच्या गलक्यात नाव ऐकू आलं नाही, तरी टाळ्या वाजवल्या. नंतर कळलं, हरिओम. छान आहे.
मग सत्यशीला फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. दार लावलं. म्हणाली, "शर्ट काढा. पाठ दावा."
दावली. मला वाटलं नेटवर्क गेलं.
"मलम कोण लावून द्यायलंय?"
मी म्हणालो, मीच. पुरतो हात.
"मी येऊ का? इथं प्रियांकाची सासू हाय. उद्याच्या गाडीनं निघते."
मी म्हणालो, छे, काही गरज नाही. मी एकदम मजेत आहे. तू बाळाकडं बघ.
ती म्हणाली, "बरं."
लग्न झाल्यापासून तिनं माझं इतक्या लवकर कधीच ऐकलं नव्हतं.